सामर्थ्य कोणाचे? मराठी अद्भुतकथेतील राजा आणि सिद्धीचा प्रश्न

१

मराठी अद्भुतकथेविषयी आजवर बरेच लिहिले गेले आहे. तिची उगमस्थाने, तिच्यातील कल्पनाबंध, तिचे कादंबरीत झालेले रूपांतर यांची चर्चा झाली आहे. परंतु या कथेच्या केंद्रस्थानी असलेल्या पराक्रमी राजाविषयीचा एक प्राथमिक प्रश्न बहुधा सुटून गेला आहे. या राजाजवळ स्वतःची अशी अलौकिक शक्ती असते काय? तो वीर असतो की सिद्ध?

प्रश्न बाळबोध वाटेल. ज्याच्या खांद्यावरचे प्रेत बोलते, ज्याच्या सिंहासनाच्या पुतळ्या गोष्टी सांगतात आणि ज्याला इंद्र भेटीस बोलावतो, त्या राजाला अलौकिक शक्ती नसेल तर कोणाला असेल, असे कोणीही म्हणेल. पण या उत्तरात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. अद्भुताचा सहवास घडणे ही एक गोष्ट. अद्भुताची प्राप्ती होणे, म्हणजे एखादे रत्न, खड्ग वा रसायन हाती येणे, ही दुसरी. आणि अद्भुताचे स्वामित्व असणे, म्हणजे ती शक्ती राजाच्या ठायीच अंगभूत असणे, ही तिसरी. हा भेद मनात ठेवून कथा पुन्हा वाचल्या तर सहवास जवळजवळ सर्वत्र दिसतो आणि प्राप्ती वारंवार दिसते; स्वामित्व मात्र क्वचित आढळते, आणि जेथे आढळते तेथे ते राजाला बहुधा बाधते.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा भेद आणि त्याचा इतिहास हा आहे. वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. आपण आपल्या ऐतिहासिक राजांच्या कथा कशा सांगतो, याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

२

मराठी मुद्रित गद्याच्या आरंभकाळातच हा राजा आपल्याला भेटतो. विल्यम कॅरे यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथशास्त्री कानफाडे यांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये मोडी लिपीत छापून निघाली. पुढे १८३० मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ आली. म्हणजे मराठी कादंबरीचा जन्म होण्यापूर्वीच विक्रमराजा छापील मराठीत स्थिरावला होता. लोकमुखात तर तो त्याच्याही कितीतरी आधीपासून होता.

वेताळकथेची चौकट सर्वांच्या परिचयाची आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकातील संस्कृत रूपात, या राजाचे नाव त्रिविक्रमसेन असून त्याची राजधानी गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, ही आहे. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. फळात रत्न असल्याचे एके दिवशी उघडकीस येते. मग तो राजाला कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात बोलावतो आणि झाडावर लटकणारे प्रेत आणायला सांगतो. या चौकटीत मंत्र, मंडल आणि अनुष्ठान भिक्षूजवळ आहे. प्रेतात शिरणे आणि पुन्हा झाडावर जाऊन लटकणे ही वेताळाची शक्ती आहे. राजाजवळ काय आहे? खांदा आहे, पाय आहेत, आणि दिलेला शब्द न मोडण्याची वृत्ती आहे. याखेरीज त्याच्याजवळ विवेक आहे. उत्तर ठाऊक असून मौन धरलेस तर तुझे मस्तक फुटेल, असे वेताळ बजावतो. राजा बोलतो ते भीतीपोटी नव्हे. न्यायाच्या प्रश्नासमोर गप्प बसणे हा राजाच्या दृष्टीने दोषच आहे. अखेरच्या कथेत त्याला उत्तर सापडत नाही, आणि त्याच्या या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो. आपल्या ज्ञानाची सीमा ओळखणारा हा राजा सर्वज्ञ नाही, हे कथेने येथे मुद्दाम दाखवून दिले आहे.

शेवटी राजा कपटी भिक्षूचा वध करतो तोही मंत्राने नव्हे. साष्टांग नमस्कार कसा घालायचा ते मला दाखवा, असे तो म्हणतो आणि वाकलेल्या मानेवर तलवार चालवतो. यानंतर वेताळ वर माग म्हणतो तेव्हा राजा मागतो ते एवढेच, की या कथा लोकांत प्रसिद्ध व्हाव्यात. पुढे शिव प्रकट होऊन त्याला खड्ग देतो आणि विद्याधरांच्या राज्याचे आश्वासन देतो, हे खरे. परंतु हे सारे पराक्रम पूर्ण झाल्यावर घडते. पराक्रमाच्या वेळी राजा निव्वळ मनुष्य होता. देवदत्त खड्ग हे त्या मनुष्यत्वाचे फळ होय.

‘सिंहासनबत्तिशी’त हीच भूमिका अधिक ठळक होते. एका शेतातील माचाणावर चढले की शेतकरी उदार होतो आणि खाली उतरला की पुन्हा कृपण होतो, हे भोजाच्या कानावर येते. जमीन खणल्यावर विक्रमाचे सिंहासन सापडते. म्हणजे अलौकिक गुण आहे तो आसनात; त्यावर बसणारा साधा कुणबीही राजासारखा वागू लागतो. भोज पाऊल ठेवू जातो तेव्हा एकेक पुतळी त्याला अडवते आणि विक्रमाचे औदार्य तुझ्या अंगी असेल तर बैस, असे म्हणते. पुतळ्या सांगतात त्या कथांतून एक आकृतिबंध पुन्हापुन्हा उमटतो. विक्रम मोठे साहस करतो, त्याबद्दल त्याला एखादी चमत्कारिक वस्तू मिळते, आणि परतीच्या वाटेवर भेटलेल्या गरजूला तो ती देऊन टाकतो. नगरात तो रित्या हाताने परततो. बत्तीस कथांच्या या मालिकेत साहस आणि औदार्य यांनाच मोल आहे. वस्तूंचे महत्त्व त्या देऊन टाकता येतात एवढ्यापुरतेच. पुतळी भोजाला ‘तुला कोणती सिद्धी येते?’ असे विचारत नाही. ‘तू असे देऊन टाकशील काय?’ एवढेच ती विचारते.

३

स्वामित्वाची उदाहरणे अजिबात नाहीत असे मात्र नव्हे. मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त (इ.स. १३०५) विक्रम परकायाप्रवेशाची विद्या शिकतो. त्याच्या सोबतचा ब्राह्मणही ती विद्या मिळवतो. पुढे राजा मेलेल्या हत्तीच्या देहात शिरला असता तो ब्राह्मण राजाच्या मोकळ्या देहात शिरून सिंहासनावर बसतो, आणि खऱ्या राजाला पोपटाच्या देहाचा आश्रय घ्यावा लागतो. या कथेचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. सिद्धी राजाच्या अंगी आली त्याच क्षणी राजा आणि त्याचे रूप यांची फारकत होणे शक्य झाले. सिंहासनावर राजाचे शरीर आहे, पण राजा नाही. सिद्धी असलेला राजा आणि तोतया यांतील अंतर किती थोडे असते, हे कथाकाराने ओळखले होते असे म्हणावे लागते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपल्या घराघरांतले ‘शनिमाहात्म्य’ आहे. शनिवारी ही पोथी वाचणाऱ्या वा ऐकणाऱ्या कुटुंबांत विक्रमराजा परिचयाचा आहे तो मुख्यतः या रूपात. येथे तो उज्जयिनीचा राजा शनीची हेटाळणी करतो आणि साडेसातीच्या फेऱ्यात सापडतो. त्याला घेऊन घोडा आकाशात उडतो, पण ती शक्ती घोड्याचा व्यापारी बनून आलेल्या शनीची. भिंतीवरच्या चित्रातील हंस मोत्यांचा हार गिळतो, पण तीही ग्रहाचीच लीला. राजाच्या वाट्याला येतो तो चोरीचा आळ. त्याचे हातपाय तोडले जातात आणि तेल्याच्या घाण्यावर बसून तो दिवस काढतो. चमत्कारांनी भरलेल्या या पोथीत राजा इतका शक्तिहीन आहे की स्वतःचा निरपराधीपणाही त्याला सिद्ध करता येत नाही.

अशा अवस्थेत तो दीपराग गातो आणि नगरातले दिवे उजळतात. हा चमत्कार राजाचा स्वतःचा नव्हे काय, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्तही आहे. पण दीप उजळतात ते राजाच्या अधिकारामुळे नव्हेत, ते गायनकलेमुळे. राज्य, शस्त्र आणि अवयव सारे गेल्यावर उरलेली ही विद्या आहे. आणि तिने राज्य परत मिळत नाही, राजकन्येचे लक्ष वेधले जाते इतकेच. हातपाय परत मिळतात ते शनीच्या कृपेने. कृपा होते तेव्हा विक्रम शनीजवळ मागणे मागतो ते असे, की मला दिलेत तसे दुःख दुसऱ्या कोणाला देऊ नका. येथेही राजा आपल्याला मिळालेले दुसऱ्यांसाठीच खर्च करतो. पुतळ्यांच्या विक्रमाशी घाण्यावरच्या विक्रमाचे नाते येथे जुळते.

४

हा विशेष केवळ भारतीय कथेचा आहे काय? नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार मिथ्यकथेचा नायक इतरांहून जातीनेच श्रेष्ठ, म्हणजे देव असतो. अद्भुतरम्य कथेचा नायक मात्र प्रमाणाने श्रेष्ठ असतो. तो माणूसच असतो, पण त्याच्या जगात निसर्गनियम थोडे सैल झालेले असतात. नियम सैल होतात ते जगाचे, नायकाच्या देहाचे नव्हेत, हा फ्राय यांच्या विवेचनातील बारकावा आपल्या मुद्द्याला पोषक आहे. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांचे विश्लेषण करताना अद्भुत साधन देणारा ‘दाता’ ही स्वतंत्र भूमिका मानली, तीही याच कारणाने. साधन नायकाला कोणीतरी देते. त्यापूर्वी त्याची परीक्षा घेते. आर्थर राजाच्या कथांत मंत्रविद्या मर्लिनजवळ आहे, राजाजवळ नाही.

युरोपात मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे. फ्रान्स व इंग्लंडचे राजे गंडमाळेच्या रोग्यांना स्पर्श करून बरे करतात अशी श्रद्धा तेथे कित्येक शतके टिकली. लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला १७१२ मध्ये ॲन राणीच्या स्पर्शासाठी नेण्यात आले होते. फ्रान्सचा दहावा चार्ल्स याने १८२५ मध्येही हा विधी केला. मार्क ब्लॉक यांनी १९२४ मध्ये या श्रद्धेचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यांना दिसले ते असे, की राजाच्या हातातील या दैवी गुणाची कल्पना राजसत्तेच्या अधिकाराच्या प्रश्नाशी घट्ट बांधलेली होती. राजा अंगभूत शक्तीने रोग बरा करतो असे एकदा मानले की त्याच्या गादीवरील हक्काविषयी शंका घेणे अवघड होते.

विसाव्या शतकातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या अद्भुत महाकादंबरीत या श्रद्धेचे पुनरुज्जीवन झाले. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) मधील आरागॉर्न हा वनवासी राजा एका साध्या रानवनस्पतीने जखमी व मूर्च्छित माणसांना शुद्धीवर आणतो, आणि लोक त्याला राजा म्हणून ओळखतात ते या बरे करणाऱ्या हातांमुळे. ही जादू आहे की वैद्यक? टोल्किन यांनाही हा प्रश्न पडला होता. १९५४ मधील एका पत्राच्या मसुद्यात त्यांनी जादू ही मंत्रपाठाने मिळणारी नसून अंगभूत शक्ती आहे असे म्हटले, आणि आरागॉर्नच्या उपचारांत तिचा अंश असू शकेल हेही मान्य केले. वंशाने आलेली शक्ती मान्य करताच राज्यावरचा हक्कही वंशाने सिद्ध होतो. मराठी विक्रमकथेतील पुतळी नेमका हाच मार्ग अडवते. भोजाला ती वंश विचारत नाही, आचरण विचारते. आरागॉर्न आणि विक्रम यांच्यातील हा फरक केवळ कथाशिल्पाचा मानता येत नाही. राजा म्हणजे काय याविषयीच्या दोन धारणा त्यामागे आहेत.

५

या प्रश्नाचा मागोवा घेण्यास आमच्या उत्तर कोकणाइतका सोयीचा प्रदेश थोडाच असेल. वसई–विरार परिसरातील सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी तेथील स्तूपाचेही उत्खनन झाले. १९५६ मध्ये वसईजवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. राजा स्वतःविषयी काय सांगतो आणि कथा त्याच्याविषयी काय सांगते, याची तुलना येथे करता येते.

नववा लेख मंगलविधींसंबंधी आहे. आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्मी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगल करतात. त्याचे फळ अल्प असते, असे राजा म्हणतो. दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम हेच खरे मंगल. स्वतःला देवांचा प्रिय म्हणवणारा हा राजा आपल्याला एखादी शक्ती असल्याचे सांगत नाहीच. प्रजेच्या हातातील तोडगेसुद्धा तो बाजूला सारतो.

या राजाची पुढे ‘अशोकावदाना’त अद्भुतकथा झाली. तीत चौऱ्याऐंशी हजार स्तूप एकाच वेळी उभे राहतात. पण ते उभारतात यक्ष, आणि त्यांना एकच क्षण साधता यावा म्हणून सूर्यावर हात धरतो तो स्थविर यश. राजा फक्त इच्छा करतो आणि देतो. कथेच्या शेवटी तो देत देत इतका रिता होतो की त्याच्या हाती अर्धा आवळा उरतो, आणि तोही तो संघाला देऊन टाकतो. विक्रमाच्या रित्या हातांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. कथा शिलालेखापासून कितीही दूर गेली तरी राजाच्या अंगी सिद्धी चिकटवण्याचा मोह तिने टाळला आहे.

याच प्रदेशाचा दुसरा ग्रंथ म्हणजे ‘महिकावतीची बखर’. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये, म्हणजे ब्लॉक यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध केली. बखर एकहाती नाही. वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या लेखकांनी तिची प्रकरणे रचली आहेत. प्रतापबिंब राजा उत्तर कोकणात उतरतो, आपल्याबरोबर सहासष्ट कुळे आणतो आणि ओसाड मुलूख वसवतो, ही तिच्यातील मूळ घटना. आजही या पट्ट्यातील काही समाज आपला इतिहास या कुळांपाशी नेऊन भिडवतात. बिंबराजाचे कर्तृत्व आहे ते वसाहत करण्याचे, गावे नेमून देण्याचे आणि वृत्ती ठरवून देण्याचे.

बखरीत दैवी साक्षात्कार आहे, परंतु तो राजाला होत नाही. केशवाचार्याने शके १३७० (इ.स. १४४८) मध्ये लिहिलेल्या भागात देवी मालाडच्या नायकोरावाच्या स्वप्नात येते. राज्ये बुडालेली आहेत, आचार विस्कळीत झाले आहेत, अशा काळात ती त्याला शस्त्र देत नाही. महाराष्ट्रधर्म सांगावा, लोकांना एकत्र करावे, वंशांचे आचार नोंदून ठेवावेत, अशी आज्ञा ती करते. देवीच्या कृपेचे फळ म्हणून येथे ग्रंथ निर्माण होतो. वेताळाजवळ कथांची प्रसिद्धी मागणाऱ्या त्रिविक्रमसेनाशी नायकोरावाचे हे साम्य योगायोगाचे असेलही, पण ते अर्थपूर्ण आहे यात संशय नाही.

६

बखरींमधील राजदर्शनाचा सर्वोच्च बिंदू अर्थातच शिवाजी महाराज होत. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे आपली बखर लिहिली. अफझलखानाच्या प्रसंगी तीत श्रीभवानी प्रकट होऊन यशाचे आश्वासन देते. याच कारणावरून पुढील काळातील इतिहासकारांनी बखरींना अविश्वसनीय ठरवले. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींवर केलेली कठोर टीका प्रसिद्धच आहे.

इतिहासाचे साधन म्हणून ही टीका योग्यच होती. पण कथनाच्या दृष्टीने सभासदाने काय केले आहे ते पाहिले पाहिजे. देवीचे आश्वासन मिळाल्यानंतर राजा निश्चिंत होत नाही. तो कारभाऱ्यांशी मसलत करतो. आपले बरेवाईट झाले तर मागे राज्य कसे चालवावे, हे तो सांगून ठेवतो. डोक्याचे व अंगाचे रक्षण होईल असा पोशाख करतो, बिचवा आणि वाघनख बरोबर घेतो. देवीचा शब्द मिळालेला राजा मरणाची तजवीज करून निघतो, या विसंगतीतच बखरकाराचा विवेक आहे. देवी अभय देते, पण चिलखत राजालाच घालावे लागते. येथे अद्भुताचा सहवास आहे, स्वामित्व नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी साहित्याने अद्भुताशी उघड भांडण मांडले. ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या कादंबऱ्यांतील असंभाव्य घटनांच्या पार्श्वभूमीवर का. बा. मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ यांविषयीचा आपला निबंध सादर केला आणि संभाव्यतेचा आग्रह धरला. त्याआधी एक वर्ष, १८७१ मध्ये, रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ग्रंथरूपाने आली होती. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० मध्ये मराठी कादंबरीच्या ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती कल्पिल्या. त्यांपैकी दुसरी रंजनपर आणि तिसरी ऐतिहासिक. या दोन प्रवृत्ती वेगळ्या मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. पण राजाच्या सामर्थ्याचा प्रश्न हाती घेतला तर त्यांच्यामधून एक भुयार जाते असे दिसते.

ऐतिहासिक कादंबरीने वेताळ, पुतळ्या, यक्ष, प्रकट होणारी देवी या सर्वांना रजा दिली. कारण तसे केल्याविना ती इतिहासाची म्हणवून घेऊ शकत नव्हती. मात्र अद्भुताची वाचकाला असलेली ओढ त्यामुळे नाहीशी झाली नाही. सभोवतालातून हद्दपार झालेले हे अद्भुत राजाच्या व्यक्तित्वात शिरले. या परंपरेतील लोकप्रिय कथनांत राजाला प्रत्येक कट आधीच ठाऊक असतो, माणूस पाहताक्षणी त्याचे अंतरंग त्याला कळते, त्याचा कोणताही निर्णय चुकत नाही. आणि चुकलाच तर ती चूक दुसऱ्या कोणाची तरी असते. कथेत मंत्र नाही, पण राजाचे बोलणे मंत्रासारखे फळते. बखरीतील राजा मसलत करतो. या कथनांतील राजा मसलतीला बसलेल्यांना केवळ आपले ठरलेले मत सांगतो. ज्या कथेला आपण अद्भुत म्हणून बाजूला ठेवले तिच्यात राजा मनुष्य होता, आणि ज्या कथेला आपण वास्तव म्हणून जवळ केले तिच्यात तो सिद्ध झाला, असा हा विपर्यास आहे.

याला अपवाद नाहीत असे नाही. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) मधील माधवराव पेशवे क्षयाने झिजतात. त्यांच्या कर्तृत्वाला देहाची मर्यादा आहे, आणि त्या कादंबरीची वाचकांवरील पकड बव्हंशी या मर्यादेतून आलेली आहे. वाचकाला सर्वसमर्थ राजाच हवा असतो, या समजुतीला हे एक उदाहरणही धक्का देण्यास पुरेसे आहे.

७

या विवेचनाची कसोटी घरच्या उदाहरणावर पाहू. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. चिमाजी अप्पा राजा नव्हते, पण वसईच्या लोककथेने त्यांना राजाचीच जागा दिली आहे. या विजयाविषयी दोन आख्यायिका या भागात सर्वश्रुत आहेत. एक वज्रेश्वरीची: किल्ला मिळेना तेव्हा अप्पांनी देवीला नवस केला, आणि यश आल्यावर तिचे मंदिर बांधवले. आजही त्या मंदिराच्या पायऱ्या चढताना ही कथा ऐकू येते. दुसरी तोफेची: किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने किल्ल्यात पडेल असे करा, असे अप्पा म्हणाले, ही.

दोन्ही कथांत अप्पांना कोणतीही सिद्धी नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. पहिलीत ते मागणारे आहेत. दुसरीत तर त्यांच्याजवळ देण्यासारखे स्वतःचे मस्तक तेवढे उरले आहे. विक्रमाचे रिते हात आणि अशोकाचा अर्धा आवळा यांच्याच जातीचे हे शेवटचे दान आहे. लोकपरंपरेने विजयी सेनापतीची कथा रचताना जुना आकृतिबंध सोडला नाही.

आणि इतिहास काय सांगतो? १७३७ मध्ये साष्टीपासून सुरू झालेली ही मोहीम दोन वर्षे चालली. अंजूरच्या नाईकांसारखी स्थानिक घराणी तीत सामील होती. माहीम, केळवे, तारापूर येथील ठाणी एकेक करून घ्यावी लागली. वसईच्या तटाखाली सुरुंग खणले गेले, काही उडाले, काही उडाले नाहीत, आणि भगदाडांत हजारो माणसे पडली. शेवटी तह झाला. शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू दिले गेले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक मिळाली. वसईतील आजचा ख्रिस्ती समाज आणि त्याची चर्चे यांच्याकडे पाहताना त्या तहाच्या कलमांचीही आठवण ठेवली पाहिजे.

या विजयाचे श्रेय एका पुरुषाच्या अंगभूत तेजाला दिले की सुरुंग खणणारे, वाट दाखवणारे, भगदाडात पडलेले आणि तहाची कलमे लिहिणारे सारेच कथेबाहेर जातात. सिद्ध राजाच्या कथेत इतरांना जागा नसते, कारण त्यांची गरजच नसते. नवस करणाऱ्या आणि मस्तक देऊ करणाऱ्या राजाच्या कथेत मात्र ती असते. ज्याला स्वतःच्या शक्तीची मर्यादा ठाऊक आहे त्यालाच माणसे लागतात, आणि चुकल्यास त्यालाच जाब विचारता येतो.

अद्भुतकथेतील पराक्रमी राजाला अलौकिक शक्ती असते काय, या प्रश्नाचे मराठी परंपरेने दिलेले उत्तर असे आहे: ती त्याच्या वाटेवर असते, क्षणभर त्याच्या हातात येते, आणि ती तो कोणाला देतो यावरून त्याचे राजेपण ठरते. मुलांची करमणूक म्हणून आपण बाजूला ठेवलेल्या या कथांत राजाच्या गुणदोषांची परीक्षा करणारी बत्तीस तोंडे आहेत. आजच्या ऐतिहासिक कथनाला यांपैकी एखाद्या पुतळीची गरज आहे. सिंहासनाच्या पायरीवर उभे राहून तिने विचारायचा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच मोडीत छापून ठेवलेला आहे.